जुन्या कागदात पास

माझं तोंड लई चालायचं, जालन्याच्या मस्तगडात कोणालाबी विचारा. भाजीवाला एक बोलला की मी तीन ऐकवायची. सासूबाई म्हणायच्या, "शालूच्या जिभेला हाड न्हाई." मी म्हणायची, "हाड असतं तर तुम्ही तेबी मोडलं असतं." सगळं कसं तिथल्या तिथं सुचायचं.

आता बी सुचतं, पण माणसं उठून गेल्यावर. परवा शेजारची भावना आल्ती. म्हणे, "काय गं शालू, लई भाव खाऊन राह्यली, बोललं तर जवाबच देत न्हाईस." तिला द्यायचा जवाब मला ती गेल्यावर सुचला, भांडे घासताना. असा झकास जवाब, आणि ऐकायला कोण? तर नळ! आग लागो असल्या जगण्याला.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणायलाच अर्धा दिवस लागतो. नवीन जालन्यात संभाजीनगरहून एक डॉक्टर येतात, त्यांनी समजावून सांगितलं. नसांवरचं कव्हर जागोजाग उडालंय म्हणे. बाजूला बघायला गेलं की माझा एक डोळा आधी पोचतो, दुसरा मागून येतो, आणि तेवढ्यात समोरचं माणूस एकाचे दोन होतं. डोक्यातलं कामबी तसंच हळू झालंय. "समज शाबूत आहे, वेग कमी झालाय," डॉक्टर बोलले. घरी पोचेपर्यंत आमच्या लोकांनी त्यातलं मागचं अर्धंच लक्षात ठेवलं.

आजाराआधी मी बियाण्याच्या कंपनीत लॅबला होते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवतात, मोड आले की कागद उघडायचा आणि चांगले मोड, वाकडे मोड, कुजलेलं बी वेगळं करायचं. माझी नजर एकदा फिरली की काम झालं. आमच्या मोठ्या शरयू मॅडम नव्या पोरींना माझ्याजवळ उभं करायच्या. त्या टेबलावर मी कोणाची सून नव्हते का कोणाची बायको. मला ते काम परत पाहिजे होतं. दुसरं काहीच नको होतं मला, खरंच सांगते. मॅडम बोलल्या होत्या, डॉक्टरची चिठ्ठी आण की काम करू शकते म्हणून, आणि ये.

चिठ्ठीच्या आधी डॉक्टर एक तपासणी घेतात. एक कागद असतो. वरच्या ओळीत चिन्हं, प्रत्येकाच्या खाली एक आकडा. त्याच्या खाली नुसती चिन्हंच चिन्हं. वर बघायचं, खाली बघायचं आणि आकडा सांगत जायचं, घड्याळ लावून, जल्दी जल्दी. पहिल्या वेळी माझी पार दैना झाली. खालचं चिन्ह धरावं तर वरची ओळ निसटायची. डॉक्टर बोलले, "चिठ्ठीचं पुढच्या वेळी बघू."

तर आमच्या ह्यांनी, भागवतरावांनी, काय करावं? डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. बाहेर येऊन म्हणतात, "शालू, पेपर फुटला!"

एवढे खूश मी त्यांना वरातीत बी पाहिलं न्हाई. आमची अर्पिता दहावीला, घरात चोवीस तास परीक्षेचंच वातावरण. गेस पेपर, अपेक्षित प्रश्न, पाठांतर. त्यात माझा एक विषय वाढला. अर्पितानं चिन्हं मोठी काढून फ्रिजवर चिकटवली. पोळ्या लाटताना पोरगी विचारायची, "मम्मी, पहिली ओळ?" आणि मी धडाधड म्हणायची. मंग दुसरी, मंग तिसरी. सासूबाईंना बी पाठ झाल्ती. हे म्हणायचे, "बिलकुल टॉपर!" मला मनातून वाटायचं, हे काही खरं न्हाई, बघून कुठं सांगून राह्यले मी? पण तेवढं बोलून दाखवेपर्यंत टाळ्या झालेल्या असायच्या. आणि खरं सांगायचं तर मलाबी गोड वाटायचं. लई दिवसांनी मी कशात तरी पटकन होते.

त्या दिवशी मी कामावर जायचीच साडी नेसून गेले. डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला, "करा सुरू" बोलले आणि मी सुटले. अशी सुटले की विचारू नका. मध्ये श्वास बी घेतला न्हाई. हे शेजारी बसून ओठातल्या ओठात माझ्यासंगं म्हणत होते.

डॉक्टरांनी हात वर केला. "शालूताई, थांबा. तुमचे डोळे वर जातच नाहीत."

मी खाली बघितलं. नीट बघितलं, वेळ घेऊन. चिन्हं तीच होती, पण त्यांच्या खालचे आकडे सगळे बदललेले. खालच्या ओळी बी वेगळ्याच. मी म्हणले त्याचा आणि त्या कागदाचा काही संबंध नव्हता.

"दर वेळी कागद वेगळा असतो," डॉक्टर बोलले. आवाज चढवला न्हाई त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

हे खुर्चीतून पुढं सरकले. हात जोडले. "डॉक्टरसाहेब, तिला जुना कागद द्या ना. त्याच्यात ती पास हाय."

मला जमिनीत जावं वाटलं. ह्यांचा राग आला आणि त्यांची कीव बी आली, दोन्ही एकदमच. डॉक्टरांनी ह्यांना हात खाली घ्यायला लावले. मंग त्यांनी परत तपासणी घेतली. पहिल्या वेळेपेक्षाबी कमी झालं. "औषध बदलावं लागेल," ते बोलले. मंग घड्याळ बाजूला ठेवून तोच कागद परत दिला, "आता सावकाश करा." तसं मात्र एकबी चुकलं न्हाई.

"बघा भागवतराव, यांना येतं सगळं. फक्त विचारलं की थांबत जा. यांच्या वाटचं तुम्ही बोलू नका." आणि चिठ्ठी लिहून दिली, घाईचं काम नको, वेळ दिला तर बराबर करतात म्हणून. हे मान हलवत राह्यले.

बाहेर आल्याबरोबर ह्यांनी शरयू मॅडमला फोन लावला, स्पीकर चालू करून. चिठ्ठी वाचून दाखवली. मॅडम बोलल्या, "मोड मोजायचं जमणार नाही मग. पण नमुने ठेवायच्या खोलीत जागा आहे, तिथं घाई नसते. पुष्पाबाई पण मागतेय, माझ्यासमोरच बसलीये. साहेब नाव विचारायला उभे आहेत. शालू येते का, एवढं सांगा."

ह्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "बोल शालू. जातीस का?"

हो! मला हो म्हणायचं होतं. नमुन्यांची खोली म्हणजे काय, डबे, चिठ्ठ्या, थंडगार हवा, मला सगळं माहीत होतं. कशाला न्हाई म्हणेन मी? ह्यांच्याकडं बघायला गेले तर ह्यांचे दोन चेहरे. रिक्षावाला हॉर्न वाजवून राह्यला. "हॅलो? हॅलो?" मॅडम. शब्द निघाल्ता, गळ्यापर्यंत आल्ता.

हे माझ्या तोंडाकडं बघत होते. माझे डोळे कुठं तरी भलतीकडंच लागलेत असं त्यांना वाटलं असणार. फोन परत आपल्याकडं घेतला आणि मऊ आवाजात बोलले, "राहू द्या मॅडम. तिचं मन दिसत न्हाई. झाला तेवढा त्रास लई झाला तिला."

"हो सांगा," मी म्हणले.

फोन खिशात गेल्ता. ह्यांनी घाईघाईनं काढला, परत लावला. लागेना. मंग लागला. "अहो भागवतराव, आत्ताच पुष्पाबाईचं नाव सांगितलं हो," मॅडम बोलल्या.

हे रिक्षाला टेकले. मला म्हणतात, "मंग आधीच का न्हाई बोललीस गं?"

ह्याचा जवाब मला द्यायचा होता. चांगला लांबलचक द्यायचा होता. रडू मात्र लगेच आलं.