खिडकीजवळचं टेबल

पार्लरचं शटर उचलताना मावशीला बोटांची टोकं टेकवता येईनात. तिने दोन्ही तळहात खाली घातले, खांद्याचा जोर लावला, तेव्हा कुठे ते करकरत वर गेलं.

शेजारच्या दुकानातला किल्लीवाला म्हणाला, "काय मावशी, आज कुस्ती का शटरशी?"

"गंजलेय मी, तुमच्या कुलपांसारखी."

"तेल घाला मग!"

"घालून घालून कंटाळले, बाबा."

ते खरंच होतं. रोज झोपताना ती बोटांना तेल चोळायची आणि सकाळी बोटं पुन्हा तशीच. टोकं लाल, कातडी सोललेली, नखांच्या कडेला भेगा, आणि खाज अशी की भिंतीवर घासावीत. नवरा म्हणाला, "साबण बदल." तिने बदलला. मग तो म्हणाला, "भांडी मी घासतो," आणि घासलीही, म्हणजे दिसणाऱ्या बाजूने. फरक पडला नाही. तो पडायचा नाही हे तिला ठाऊक होतं. साबणाचा यात काही दोष नव्हता.

या पार्लरमध्ये ती आली होती झाडू मारायला. मुली नखं करताना ती केर काढता काढता बघत राहायची. एकदा एक मुलगी आली नाही आणि गिऱ्हाईक खोळंबलं, तेव्हा मालकीणबाईंनी वैतागून तिच्या हातात नखं घासायचा फायलर दिला. त्या दिवसापासून झाडू सुटला. चाळिशीत माणूस नवीन काय शिकणार, असं सगळे म्हणत होते. मावशी शिकली. नखाला आकार देणं शिकली, आणि मग जेल शिकली. हा चिकट रंग नखावर लावून हात दिव्याखाली धरला की काचेसारखा कडक होतो. फक्त एक सांभाळायचं. नखाबाहेर कातडीवर तो सांडला, तर दिव्याआधी लाकडी काडीने पुसायचा. ओल्या जेलला हात लावायचा नाही. मालकीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पण काडी उचला, पुसा, खाली ठेवा, पुन्हा उचला, यात वेळ जायचा. मावशी आपल्याच बोटाची कड फिरवायची. कधी अंगठा, कधी करंगळी. एका झटक्यात नख स्वच्छ. बाकीच्या मुलींचा एक हात होईपर्यंत तिचे दोन्ही व्हायचे. मालकीणबाई मुलींना म्हणायच्या, "मावशींचा वेग बघा जरा." मावशी मान खाली घालून काम करत राहायची आणि आतून फुलून यायची. आयुष्यात तिचा वेग कोणी पाहिलाच नव्हता.

आज मालकीणबाई आल्या त्याच हसत. "मावशी, सामान उचला. बोलले होते ना, खिडकीजवळचं टेबल आजपासून तुमचं."

खिडकीजवळचं टेबल म्हणजे पार्लरमधली वरची जागा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आधी तेच दिसतं. तिथे फक्त जेलचं काम, दिवसभर. मावशीने सामान उचललं. बाटल्या मांडताना तिची बोटं ठणकत होती आणि तिला हसूही येत होतं.

पहिली बाई बसली ती ऑफिसातून सुटी काढून आलेली, तोंडाची टकळी चालू. साहेब कसा खडूस आहे, नणंद कशी फुकटची पाहुणी आहे, सगळं सांगून झालं. मावशी "हो का?" "अगंबाई!" म्हणत नखं घासत होती. मग तिने जेल लावायला त्या बाईचा अंगठा धरला, आणि बाईची टकळी थांबली.

"तुमच्या बोटांना काय झालंय हो?"

"काही नाही ताई. भांड्यांचा साबण."

"म्हणजे... लागण तर नाही ना होत?"

विचारता विचारता तिने हात काढून घेतला. जोरात नाही. गरम चहाच्या कपावरून काढतात तसा. मावशीचा हात तसाच हवेत राहिला.

"नाही ताई," ती म्हणाली. "होत नाही. पण तुम्ही दुसरीकडे बसा."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. टॉवेलांच्या ढिगाऱ्याशेजारी मालकीणबाई बसल्या होत्या. मावशीने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. बाईंनी बोटं उलटसुलट करून पाहिली.

"बोटाने पुसत होतात?"

"हो."

"मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. वेग बघा, हेही सांगत होतात."

मालकीणबाईंनी एका टॉवेलाची घडी केली. मग म्हणाल्या, "हातमोजे घालून बघा."

"बघितलेत. लपून. तरीही बोटं सुजतात. बाटली उघडली तरी खाज सुटते."

"मावशी, ही जेलची ॲलर्जी. एकदा जडली की जात नाही. माझ्याबरोबरच्या एकीला यापायी हे कामच सोडावं लागलं. जेल बंद करावं लागेल."

"बंद म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

मावशीला वाटलं होतं, आपण रडू. रडू आलं नाही. खूप दमल्यावर जसं अंथरूण दिसावं तसं काहीतरी वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"मग मला परत झाडू?"

"वेड्या आहात का? पायांकडे बसा. पाय धुणं, टाचा घासणं, नखं कापणं. त्याला जेल लागत नाही."

"आणि टेबल?"

"बघू कुणाला द्यायचं ते."

मावशीने खिडकीजवळचं सामान स्वतःच आवरलं. दुसऱ्या कुणी आवरलेलं तिला बघवलं नसतं. मग ती कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसली आणि टबात कोमट पाणी सोडलं. दुपारभर लोकांचे पाय आले. गिऱ्हाइकांचे चेहरे वर कुठेतरी होते. गुडघ्यांपाशी बसलेल्या बाईची बोटं कुणी निरखून पाहत नाही, हे तिला तासाभरात कळलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय झालं त्या टेबलाचं? मिळणार होतं ना?"

"मिळालं की. सकाळी."

"वा! मग?"

"दुपारी परत केलं."

तो हसणार होता. तिचा चेहरा बघून थांबला. तिने सगळं सांगितलं, थोडक्यात, चप्पल काढता काढता. नवऱ्याने तिच्या चपला कडेला सरकवल्या. मग म्हणाला, "सोडून दे ना पार्लर. कुणी सांगितलंय?"

"सोडून काय करू? दुसरं काय येतं मला?" ती भिंतीला पाठ टेकून बसली. "हे येत होतं."

"आणि उद्या?"

"उद्या पाय आहेत," मावशी म्हणाली, आणि तिने बसल्या बसल्याच डोळे मिटून घेतले.