उमरेडच्या पेशीचा मोर्चा

लयकारिका म्हणजे पेशीतली केरवाली. निकामी झालेलं, बाहेरून घुसलेलं, जे जे नको ते फोडून पचवून टाकणं हे तिचं काम. उत्तराबाईंनी वर्गात हे सांगितलं आणि अख्ख्या वर्गानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कोणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे! तोंड जरा फटकळ आहे, एवढंच. तर मी इंदू, इयत्ता दहावी, गळ्यात ‘लयकारिका’ अशी पाटी अडकवून आणि हातात खराटा घेऊन विज्ञान प्रदर्शनासाठी उमरेडहून नागपूरला निघाले.

आणीबाणी उठून गेल्यानंतरचा डिसेंबर होता. प्रदर्शन सिव्हिल लाइन्समधल्या एका शाळेत होतं. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून बाईंनी माणसांचीच पेशी केली. मधुसूदन केंद्रक. पेशीत काय घडायचं त्याचे सगळे हुकूम केंद्रकाकडे असतात, आणि मुख्याध्यापकांचा भाचा असल्यामुळे हुकूम सोडायची त्याला जन्मजात सवय होती. चार पोरी रायबोझोम. त्यांनी हुकुमाप्रमाणे रंगीत मणी ओवून प्रथिनं करायची. दोन जाडे भाऊ तंतुकणिका. त्यांनी अन्नातून सगळ्यांना ताकद पुरवायची, म्हणून त्यांच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे. आणि जया गॉल्गी पिंड. तयार माळा तिच्याकडे यायच्या, त्या पुडक्यात बांधून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर रवाना करायच्या, हे तिचं काम.

हा सगळा खटाटोप खरं तर जयासाठी होता. उमरेडला विज्ञानाची अकरावी नव्हती. प्रदर्शनात नंबर आला तर वर्ग मंजूर व्हायला जोर येईल, असं बाई म्हणत. वर्ग नाही आला तर जयाचे वडील धोंडबाकाका तिला घरच्या हातमागावर बसवणार होते. माणूस वाईट नव्हता, पण पोरीला नागपूरला शिकायला ठेवायचं नाव काढलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. “नागपुरात माणूस हरपते,” एवढं बोलून ते विषय संपवायचे. जयाला आम्हा सगळ्यांच्या दुप्पट डोकं होतं. मला तिचा हेवा वाटायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा, दोन्ही एकदमच.

पेशीचं आवरण धोंडबाकाकांनीच विणलं होतं. बाईंनी त्यांना समजावलं की पेशीपटल दुहेरी असतं, त्याला दारं असतात, आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते पटलच ठरवतं. हे काकांना फार पटलं. त्यांनी लांबच लांब दुहेरी कापड विणलं आणि वर त्याला लाल काठ काढला. बाई म्हणाल्या, अहो, पेशीला काठ नसतो. “बिनकाठाचं कापड माया मागावरून उतरत नाई, बाई,” काका म्हणाले. बाईंनी हात टेकले.

एस.टी. गणेशपेठेत पोचली तेव्हाच उशीर झाला होता. बाई म्हणाल्या, रांगेनं चला. कापड सांभाळायला बरोबर आलेले काका आडवे आले.

“रांगेतून पोरं हरपतीन, बाई. आतापासूनच पेशी करा, अन् पेशीतच चाला.”

त्यांनी तिथंच कापड उलगडलं, आम्हा सगळ्यांना बाईंसकट आत घेतलं आणि स्वतः दारावर उभे राहिले. गळ्यात पाट्या, भोवती लाल काठाचं कापड, अशी आमची वरात सीताबर्डीच्या रस्त्याला लागली.

आता नागपूरकर मला हसतील. हिवाळी अधिवेशन चालू असताना गळ्यात पाट्या घातलेली माणसं विधानभवनाच्या अंगानं चालू लागली तर त्यांना काय म्हणतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आम्हाला उमरेडला कोण सांगणार?

एका हवालदारानं काठी आडवी घातली. “कोणता मोर्चा?”

“मोर्चा नाई, पेशी हाय,” काका म्हणाले.

“नवी संघटना हाय काय? चला, शाळेच्या शिपायांच्या मोर्चामागे लागा.”

बाई सांगायला बाहेर निघाल्या तर काका त्यांना दारातून सोडेनात. वाटेल त्यानं आतबाहेर केलं तर पेशी मरते, हे बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. शेवटी बाईंनी कापडावरून मान काढून हवालदाराला आमचं खरं काय ते सांगितलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “इथून आज जो कोणी जाईन तो मोर्चातच जाईन. मी घरी जेवाले जातो तं मोर्चातच जातो.”

तेवढ्यात मागून गावोगावच्या कोतवालांचा मोर्चा येऊन थडकला. आता पुढे सरकता येईना की मागे फिरता येईना. ऊन चढलं. उभं राहून राहून करायचं काय, तर आमची पेशी खरोखरच चालू झाली. मधुसूदननं कंटाळून हुकूम सोडले, रायबोझोमांनी माळा ओवल्या, जयानं पुडकी बांधली आणि काकांनी एकेक पुडकं तपासून पुढच्या शिपायांकडे पाठवलं. शिपायांनी माळा गळ्यात घातल्या आणि बदल्यात पाण्याची बादली आणि संत्री आत धाडली. काकांनी संत्रीही हुंगून घेतली. सालांचा ढीग मी खराट्यानं गोळा केला. एवढी शहाणी पेशी मी पुन्हा पाहिली नाही.

मग मनोहरराव आले. खादीचं जाकीट, हातात भोंगा, आणि मागे एकही माणूस नाही. असा पुढारी मोर्चात माणसांसाठी उपाशी फिरत असतो. काकांनी अडवलं तर ते गोड हसून म्हणाले, “ओळखलं नाई काय? आपलाच माणूस!” काका भोळे. आपला म्हटल्यावर त्यांनी दार उघडलं.

मनोहरराव थेट केंद्रकाकडे गेले आणि मधुसूदनच्या कानात काहीतरी पुटपुटले. पोरगं फुगलं. लगेच त्यानं हुकूम सोडला, “मनोहरराव आगे बढो!” रायबोझोम ओरडू लागल्या, “मनोहरराव आगे बढो!” सगळ्या माळा त्यांच्या गळ्यात, सगळा गूळ त्यांच्या तोंडात. बघता बघता आमचा कारखाना त्या माणसाच्या नावानं चालू झाला.

मला वाटलं बाई चिडतील. बाई तर आनंदानं टाळ्या पिटत होत्या. “मुलांनो, नीट पाहून घ्या! हा विषाणू! असाच गोड बोलून आत शिरतो, कामकाजाचा ताबा घेतो आणि पेशीला स्वतःच्याच प्रती काढायला लावतो!”

“बाई, मग मी काय करू?”

“तुझं काम कर!”

इतकी आवडती आज्ञा मला आयुष्यात कोणी दिली नाही. मी त्यांच्या नडग्यांवर खराटा असा चालवला की मनोहरराव कापडाखालून निसटून मागच्या मोर्चात पडले. थोड्याच वेळात कोतवालांमधून “मनोहरराव आगे बढो” ऐकू येऊ लागलं. तिकडे लागण झाली होती.

उन्हं कलली तेव्हा हवालदार परत आला. “पेशीवाल्यांचे पाच प्रतिनिधी या. साहेब निवेदन घेऊन राहिले.”

झालं, भांडण पेटलं. मधुसूदन म्हणाला, मी एकटा गेलो तरी पुरे. तंतुकणिका म्हणाल्या, आमच्यावाचून तुझा पाय तरी उचलेल काय? रायबोझोम म्हणाल्या, आम्ही चौघी गेलो तर एकच जागा उरते, ती तुम्ही वाटून घ्या. बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. पाच भागांवर पेशी जगत नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

माझं डोकं फिरलं. मी हवालदाराला म्हटलं, “साहेब, पेशी म्हंजे एकच जीव. आम्ही सगळे मिळून एकच प्रतिनिधी हाओ. तुम्हालेच चार कमी पडून राहिले.”

त्यानं बोटांवर हिशेब केला. “चार कमी चालतीन,” तो नाराजीनं म्हणाला आणि आम्हा सगळ्यांना एक माणूस म्हणून आत सोडलं.

तंबूत एक दमलेले साहेब बसले होते. “बोला, मागणी काय?”

सगळे हुकूम ज्याच्याकडे तो मधुसूदन बाईंच्या पाठीमागे लपला. बाईंची तयारी पेशीद्रवावर होती, मागणीवर नव्हती. शेवटी जयाच पुढे झाली.

“साहेब, उमरेडले सायन्सची अकरावी पाह्यजे. दहावीच्या पुढे आमच्या गावात सायन्स नाई.”

साहेबांचा चेहरा खुलला. सकाळपासून त्यांना समजेल अशी ही पहिलीच मागणी असावी. “अगदी रास्त. सरकार जरूर विचार करेल.”

“विचार किती दिवस चालते?” काकांनी विचारलं.

“प्रस्ताव येईल, तपासणी होईल, पैशांची तरतूद... दोन-तीन वर्षं धरा.”

“अन् तोवर पोरीनं काय दहावीतच बसून राहावं?”

“अहो, तुमच्या एका पोरीसाठी सरकार चालत नाही.” साहेबांनी पुढच्या मोर्चाला बोलावलं.

बाहेर आलो तेव्हा प्रदर्शन केव्हाच आटोपलं होतं. बाई फुटपाथवर बसून सरळ रडायला लागल्या. जया मात्र कापडाची घडी घालू लागली. “मागावर बसू, वं. त्यात काय?” ती मला म्हणाली, इतक्या शहाणपणानं की माझा संताप संताप झाला. मोठ्या माणसाशी असं बोलू नये हे मला कळत होतं, तरी मी बोललेच.

“काका, नागपुरात पोरगी हरपन म्हणता. अन् मागावर बसवली तं काय सापडन?”

“इंदू!” बाई ओरडल्या. काका वळून त्या तंबूकडे पाहू लागले. मग त्यांनी हवालदाराला जाऊन विचारलं, “इथं पोरींची बोर्डिंग कुठं हाय, गा?”

हवालदारानं रस्ता दाखवला. काकांनी जयाच्या हातून कापड घेऊन पुन्हा उलगडलं, आम्हाला आत घेतलं, आणि आमची पेशी कोणालाही न विचारता वळली. अंधार पडायच्या आत आम्ही एका वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो. म्हातारा चौकीदार स्टुलावरून उठला.

“मर्द लोग अंदर नहीं जाएंगे.”

“कोणीच नाई? बाप असला तं?”

“मेरा खुद का बाप आए, तो भी नहीं.”

“अन् दिवेलागणीनंतर?”

“चिड़िया नहीं जाएगी.”

काकांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच आपल्या कामाचा माणूस भेटला होता. त्यांनी कापड बाजूला केलं आणि जयाचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

“बाईसंगं आत जा. जूनपासून जागा हाय का, विचारून ये.”

जया जागची हलेना. “बाबा, तुम्ही?”

“माया आत काय काम?”

ती बाईंबरोबर फाटकातून गेली आणि चार पावलांवर थांबून मागे वळली.

“मागं काय पाहून राहिली? जा ना वं!” काका ओरडले, आणि ती दिसेनाशी झाल्यावर चौकीदाराच्या स्टुलावर बसून मोठ्यानं रडले.