दगाबाजाची खुर्ची

आमचे हे पाळक आहेत. चर्चची मंडळी हे सांभाळतात, घर मी सांभाळते, आणि मागच्या खोलीतल्या बाबांचा पायही मीच सांभाळते.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलं. पायाने मशीन चालवून चालवून ह्यांना धर्मशिक्षणाच्या कॉलेजात घातलं, पाळक झाल्यावर अंगावरचा पहिला झगाही स्वतः शिवून दिला. आता साखरेच्या आजारामुळे त्याच पायाच्या टाचेला जखम झालीय आणि ती काही केल्या भरत नाही. रोज सकाळी पट्टी सोडायची, जखम साफ करायची, औषध लावायचं, कोरडी पट्टी बांधायची. वास येतो. येणारच, जखम आहे ती, अत्तराची बाटली नव्हे. ह्यांना तो वास सोसत नाही. दारातूनच हात वर करून प्रार्थना करतात आणि नाकाला रुमाल लावून पसार होतात.

एरवी मी चालवूनही घेतलं असतं. पण लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, जावई जहाजावर नोकरीला, घरात तिच्याजवळ दुसरं माणूस नाही. रोज फोन करून एकच विचारायची, "आई, तू येशील ना गं?" मी ह्यांच्या कधीपासून मागे लागले होते, की एवढी पट्टी बांधायला शिका, म्हणजे मी सोमवारच्या गाडीने जाते. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "देव सोय करील."

"देवाने सोय केलीय," मी म्हटलं. "दोन धडधाकट हात दिलेत तुम्हाला."

त्यावर हे प्रवचन लिहायला बसले. विषय होता सेवा.

कारण आमच्या चर्चचा सेवेचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी बारा खुर्च्या मांडतात, बारा पुरुषांना बसवतात, आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे हे त्या बारा जणांचे पाय धुतात. ऐकायला किती छान वाटतं. आता खरं काय ते ऐका. बारात कोण बसणार यावरून आधी भांडणं होतात. ज्यांची निवड होते ते पायांच्या मागे लागतात. नखं कापतात, टाचा घासतात, नवे मोजे घेतात. आमच्या मंडळीचे खजिनदार तर चक्क पार्लरमध्ये जाऊन येतात. चष्म्याच्या दुकानवाले काका मोज्यांत पावडर भरतात. गेल्या वर्षी एकाचा पाय इतका गुळगुळीत होता की ह्यांच्या हातून निसटला. म्हणजे धुतलेले पाय धुवायचे, पुसलेले पाय पुसायचे, आणि ते बघून मंडळीने डोळे पुसायचे.

फक्त बाराव्या खुर्चीवर कोणी बसायला मागत नाही. ती खांबाजवळची, शेवटची. प्रभूला दगा देणाऱ्या शिष्याची. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी तिथे चर्चच्या वॉचमनला बसवायचे. यंदा त्याने हात जोडले. म्हणाला, "एकदा बसलो की वर्षभर लोक मला चिडवतात. माझी मेहुणीसुद्धा."

मग समितीची बैठक भरली, अर्थात आमच्या घरी, कारण चहा फुकट. खजिनदार म्हणाले, अकराच खुर्च्या मांडू. चष्मेवाले काका म्हणाले, बारावीवर फुलांची कुंडी ठेवू. थोर माणसं एकेक. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि म्हटलं, "आमच्या बाबांना बसवा."

हे खोकले. "अगं, त्यांना त्रास होईल."

"बसायचंय, पळायचं नाहीये."

खजिनदारांचा जीव भांड्यात पडला. स्वतःवरचं संकट टळतंय म्हटल्यावर ते लगेच, "वा, वा, पाळकसाहेबांचे वडील, याहून उत्तम काय," म्हणून मोकळे झाले. लोक गेल्यावर हे माझ्यावर उखडले. "सगळ्यांसमोर कशाला हे?"

"सगळ्यांसमोरच तर जमतं तुम्हाला," मी म्हटलं.

बाबांना मी सरळ विचारलं, दगाबाजाच्या खुर्चीवर बसाल का. ते म्हणाले, "खुर्चीला पाठ आहे ना? मग झालं."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. ह्यांच्या कॉलरला तो इवलासा माईक लावलेला. हे गुडघ्यावर बसत होते, प्रत्येकाच्या पायावर पाणी ओतत होते, टॉवेलने टिपत होते. खजिनदारांचा पाय तर लग्नाच्या नवरीसारखा चमकत होता. असं करत करत हे बाराव्या खुर्चीपाशी आले आणि थबकले. मग ओंजळभर पाणी घेतलं, पट्टीवरच ओतलं, टॉवेल लावल्यासारखा केला आणि उठायला लागले.

माझं डोकंच फिरलं. ती जखम कोरडी राहावी म्हणून मी जीव टाकते, आणि ह्या गृहस्थाने भक्तिभावाने तिच्यावर पाणी ओतलं. मी जागेवरून उठले, पर्समधली औषधाची पिशवी काढली आणि सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पट्टी भिजवलीत. ओली ठेवायची नसते. बदला आता."

हे माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "घरी गेल्यावर तू बदल गं. मला ओकारी येते."

माईक चालू होता. "मला ओकारी येते" हे चारी भिंतींवरच्या स्पीकरमधून अख्ख्या मंडळीने ऐकलं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी पिशवी जमिनीवर ठेवली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. ह्यांनी आशेने खजिनदारांकडे बघितलं. खजिनदार स्वतःचे पाय न्याहाळत होते.

"बाळ्या," बाबा म्हणाले. तेही स्पीकरवर गेलं. इतक्या मोठ्या, दाढीवाल्या पाळकसाहेबांना घरी बाळ्या म्हणतात हे मंडळीला त्या दिवशी कळलं. "सोड. गाठ डाव्या बाजूला आहे."

ह्यांनी सोडली. वास सुटला तसे पहिल्या रांगेत भराभर रुमाल निघाले. ह्यांना एकदा उबळ आली, तीही माईकने इमानदारीने सगळ्यांना ऐकवली. मी बसल्या जागेवरून सांगत होते, आधी हात धुवा, घासू नका, टिपा, आता औषध. शेवटी कशीबशी मुंडाशासारखी पट्टी गुंडाळून झाली. बाबांनी पाय वर करून बघितला. "शिंप्याचा मुलगा, आणि ही गाठ?" ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मायेचं की वासाचं, ते मी नाही सांगू शकत.

उपासनेनंतर जो तो ह्यांचे हात हातात घेत होता. बायका रडत होत्या, फोटो निघाले. समितीने तिथल्या तिथे ठरवलं, की पुढच्या वर्षी बाराही जण जखमी हवेत. ते कुठून आणायचे, हे बघायचं काम चष्मेवाल्या काकांकडे दिलं.

घरी आल्यावर हे दिवसभर फोनवर अभिनंदन घेत होते. मागच्या खोलीत डोकावलेसुद्धा नाहीत. म्हटलं, झालं, आता ह्या एका पट्टीवर ह्यांचं वर्ष निघेल आणि मी इथेच. सोमवारी सकाळी मी बॅग भरून दाराशी ठेवली, पण लेकीला येते म्हणून सांगायची हिंमत होईना. ठरवलं होतं, आज ह्यांना एका शब्दानेही आठवण करायची नाही. स्वतःहून उठले तर जायचं, नाहीतर बॅग रिकामी करायची.

बऱ्याच वेळाने मागच्या खोलीतून आवाज आला. "अगं, कात्री कुठे असते?"

इतकी वर्षं संसार झाला, कात्री कुठे असते ते माहीत नाही. "औषधांच्या डब्यात," मी म्हटलं आणि बॅगेसकट त्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहिले.

बाबा पलंगावर पाय सोडून बसले होते. म्हणाले, "माईक काढलास का?"

"काढला, बाबा."

"मग बस."

हे खाली जमिनीवर बसले. पट्टी अर्धी सुटली आणि ह्यांना उबळ आली. तोंडावर हात धरून उठले, खिडकीशी गेले. मला वाटलं, संपलं. माझा हात बॅगेकडे गेला, कपडे बाहेर काढायला. हे खिडकीत उभे राहून जोरजोरात श्वास घेत होते. बघायला कोणी नव्हतं. मी होते, पण बायकोला कोण मोजतं?

मग हे परत आले, खाली बसले आणि बाबांची टाच हातात घेतली.

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, "निघते गं."