चार नळ्यांची टोकं

पुतणी म्हैस ढकलत घेऊन आली तेव्हा मी एका सीटच्या कव्हरला शिवण मारत होते. म्हैस म्हणजे मोटरसायकल. चार सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची, मागे दोन्ही अंगांना पेट्या, पुढे वारा अडवायला काच. हे नाव माझ्या मोठ्या दिरांनी ठेवलेलं. म्हणायचे, बसली की उठत नाही आणि उठली की ऐकत नाही. चार वर्षांपूर्वी प्रवासाला निघाले असताना गावाबाहेरच्या सिग्नलला ती थांबली, डाव्या अंगाने पेटली आणि भाऊजींच्या पायावर आडवी झाली. नऊ दिवस ते दवाखान्यात होते. मग नव्हते.

हे दुकानाच्या पुढच्या बाजूला पंक्चर काढत होते. ज्या माणसाला इंजिनाचं दुखणं गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं, तो चार वर्षं टबातल्या पाण्यात बुडबुडे शोधतोय. म्हशीचे कार्ब्युरेटर यांनीच साफ केले होते. कार्ब्युरेटरच्या आत पेट्रोल थांबवणारी एक सुई असते, कचरा अडकला की ती बसत नाही आणि पेट्रोल भरून वाहायला लागतं. ‘सुई माझ्या हातून नीट बसली नाही,’ असं यांनीच जाऊबाईंना सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

पुतणी मात्र येते. दीड वर्ष आईशी भांडत तिने ती जळकी गाडी घरामागच्या पत्र्याखाली दुरुस्त करून पुन्हा उभी केली. बाबा निघाले होते त्याच रस्त्याने तिला परवा निघायचं होतं.

“काका हात लावणार नाहीत, माहितीये,” ती म्हणाली. “ओव्हरफ्लोच्या नळ्या तेवढ्या राहिल्यात. तिथे बारीक बोटं लागतात.”

“चला, माझं बारीक असं काहीतरी उरलंय म्हणायचं.”

ती हसली. हसली की बापावर जाते.

मी मेकॅनिकचं काम कोणाकडे शिकले नाही. सीटची कव्हरं शिवता शिवता यांच्या पाठीमागून बघायची. यांनी इंजिनातून हात काढून घेतला तेव्हा पाना कोणीतरी उचलायलाच हवा होता. उचलला. पहिलं वर्ष गिऱ्हाईकं मला विचारायची, “मालक कुठेत?”

प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तळाला एक रबरी नळी असते. सुई अडकलीच तर जास्तीचं पेट्रोल त्या नळीतून खाली, जमिनीवर पडावं म्हणून. दिसायला अगदी बिनकामाची. टोक कशालाच जोडलेलं नाही, इंजिनाखाली नुसतं लोंबतं.

पुतणीने खिशातून दोन जुन्या नळ्या काढल्या. “डावीकडच्या जळाल्या. या उजवीकडच्या. यांच्याच मापाने चार कापते.” नव्या नळीचं वेटोळं तिने माझ्या शिवणाच्या टेबलावर सोडलं, जुनी तिला चिकटवून धरली आणि माझी कात्री उचलली.

“थांब,” मी म्हटलं. “वीतभर लांब ठेव.”

“का? माप आहे की हे.”

“असू दे. मी सांगते म्हणून.”

तिने ऐकलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पण तिने जुन्या नळीचं टोक उजेडात धरलं.

“काकू, हे तिरकं कापलंय. कंपनी असं कापत नाही.” मग आवाज खाली आणून, “हेही काकांनीच केलं का?”

टबातल्या पाण्याचा आवाज थांबला. एक सुई चार वर्षं पुरली होती त्या माणसाला. आता ही कात्रीही त्याच्याच नावावर चढत होती.

“काकांनी नाही,” मी म्हटलं. “मी.”

गाडी तयार झाली त्या दिवशी हे मला म्हणाले होते, जरा पुसून ठेव, दादा येईल. पुसता पुसता खाली बघितलं तर चार टोकं लोंबतायत. अनोळखी बाईच्या बाहीचा धागा लोंबला तरी तिला थांबवून तोडणारी मी. याच कात्रीने चारही कापली. वर सरकून दिसेनाशी झाली, नीटनेटकी. भाऊजी आले आणि म्हणाले, “वा, म्हैस न्हाली वाटतं.” ती आखूड टोकं आता तापणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपांवर आली होती, हे कळायला मला वर्ष लागलं. मी स्वतः दुसऱ्या कोणाच्या गाडीला नळ्या बसवत होते तेव्हा कळलं. पाना हातातून पडला. हे म्हणाले, “पायावर नाही ना पडला?” मी म्हटलं, “नाही.” आणि तिथेच मूग गिळले.

बटणांचा डबा काढून मी टेबलावर उपडा केला. बटणं, हुक आणि बोटाएवढे चार रबरी तुकडे. तेव्हा ठेवले होते कशालातरी लागतील म्हणून. पुढे टाकायला धजले नाही.

पुतणीने एक तुकडा जुन्या नळीला लावून बघितला. जुळला नाही. दुसरा जुळला.

“कधीपासून माहितीये तुला?”

“तीन वर्षं.”

“आणि काकांना?”

“नाही.”

हे दारात उभे होते, कोपरापर्यंत ओले. तुकड्यांकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, काहीही म्हणा.

“सुई अडकली होतीच,” हे म्हणाले. “पेट्रोल वाहिलं ते सुईमुळे.”

“नळ्या लांब असत्या तर ते जमिनीवर पडलं असतं, काका.”

यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि परत टबापाशी जाऊन उभे राहिले. खाली बसले नाहीत.

पुतणीने कात्री माझ्यापुढे सरकवली. “काप आणि बसव.”

मी बसवल्या. इंजिनाच्या मागून सरळ खाली, कुठे दुमड नाही, कुठे चिमटा नाही. पाइपांपासून हातभर लांब. चेनला लागणार नाहीत, मागच्या टायरवर थेंब जाणार नाही, अशा बाजूला तारेच्या कडीत अडकवल्या. टोकं उघडी, सांगाड्याच्या खाली लोंबती. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला की आतलं पेट्रोल याच नळीतून येतं. तिने एकेक सैल केला. खाली पुठ्ठा पसरला होता, त्यावर चार ओले डाग पडले. मी पाइपांवर तळहात फिरवला. कोरडे होते.

तिने परत एकदा स्वतः हात फिरवला.

मग स्क्रू आवळून, पुठ्ठा लांब ओढून, हात पुसून तिने गाडी चालू केली. टबापाशी यांची मान वळली, जुन्या सवयीने, आवाजाकडे. चारही सिलिंडर एका सुरात होते.

“बस मागे,” पुतणी म्हणाली. “आईला तू सांगायचंस. मी नाही.”

“हो.”

“तुकडे घे.”

मी तुकडे रुमालात बांधले आणि सीटवर चढले. कव्हर मीच शिवलेलं, गेल्याच महिन्यात, दुहेरी टाके घालून. गाडी हलली तसा माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला.

“मागचा दांडा धर, काकू,” ती म्हणाली.

मी दांडा धरला.