दोन जावा आणि एक ट्रेट

धाकटी रस्टमध्ये प्रोग्रॅम लिहायची आणि तिची थोरली जाऊ त्याच कंपनीत तिची टीम लीड होती. घरी दोघींचं बोलणं कामापुरतं. ऑफिसात तर सरळ धुसफूस.

कारखान्यातल्या सेन्सरांची मापं वाचायचं काम होतं. थोरलीने त्यासाठी एक ट्रेट बांधला होता, म्हणजे प्रत्येक सेन्सरने पाळायचा करार. माप कुठल्या टाइपचं, तापमान की दाब, हे तिने जेनेरिक, म्हणजे मोकळं ठेवलं होतं. वापरणाऱ्याने दरवेळी सांगायचं. त्यामुळे जो कोणी कोड लिहायला बसे, त्याच्या स्क्रीनवर एरर हजर : टाइप ठरवता येत नाही.

"वहिनी, तापमानाचा सेन्सर तापमानच देणार ना? मग ते त्यालाच एकदा सांगू द्या. असोसिएटेड टाइप करू," धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली.

"इथे वहिनी कोण? आणि टाइप लिहायचा कंटाळा म्हणून माझं डिझाइन मोडायचं?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मान मोडून तिने ट्रेट बदलला. एरर भराभर गळाले. एक मात्र हटेना. एक सेन्सर तापमान आणि दाब, दोन्ही द्यायचा. आणि कोड तपासणारा कंपायलर म्हणे, आता टाइप एकच ठरायचा, म्हणून एकाच सेन्सरला हा ट्रेट दोनदा लावता येणार नाही.

थोरली मागे येऊन उभी होतीच. "दिसलं? याच्यासाठी जेनेरिक ठेवलं होतं. तोंड चालवण्याआधी विचारायचं असतं."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. धाकटीने ओठ आवळून दोन्ही मापं एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात घातली आणि तोच त्या सेन्सरचा टाइप ठरवला. बिल्ड पार पडला.

थोरलीने ओळ न् ओळ तपासली. खोट सापडेना. तिने बदल मंजूर केला आणि म्हणाली, "उद्यापासून टेस्टिंगला बस. माझ्या टीममध्ये मला दीडशहाणी नको."

"बसते की. तुमच्या चुका काढायचा पगार मिळणार असेल, तर हवंच आहे."

खाली दोघींचे नवरे, ते दोघे भाऊ, गाडी घेऊन थांबले होते. थोरली पुढे बसली. धाकटीने दाराला हातही लावला नाही. "मी बसने येते," एवढं नवऱ्याला सांगून ती चालू लागली. उतरावं की नाही, या विचारात तो मागच्या सीटवर चुळबुळला. उतरला मात्र नाही.