दोरीवरचा बॉयलर सूट

माझा भाऊ होडीतून चोरटं डिझेल आणतो आणि माझा नवरा पोलिसांच्या गस्तीच्या बोटीवर मेकॅनिक आहे. बोटीचं इंजिन उघडलं की दोन-तीन दिवस गस्त बंद, आणि नवऱ्याचा बॉयलर सूट काळाकुट्ट. मी तो धुऊन गच्चीवर वाळत घातला, की धक्क्यावरून भावाला दिसतो. तेवढ्यावर तो काय ते समजतो. मी तोंडातून अवाक्षर काढत नाही, आणि कपडे काय, धुवायचेच असतात. अशी मी मनाची समजूत घातली होती.

परवा सूट दोरीवर पाहून भाऊ निघाला, आणि हद्दीपाशी पलीकडच्या देशाच्या पोलिसांनी त्याला होडीसकट उचललं. ते म्हणतात, चोर आमच्या पाण्यात सापडला. आमचे साहेब म्हणतात, तुम्हीच आमच्या पाण्यात घुसलात. मेल्यांची हमरीतुमरी संपेना. पाणी दोघांनाही हवंय, माझ्या भावाशी कोणाला देणंघेणं नाही.

आज दुपारी नवरा आला तो पायरीवरच बसला.

"माझंच चुकलं गं. इंजिन एक दिवस आधी जोडलं असतं, तर आम्हीच त्याला अलीकडे अडवलं असतं. दोन कानाखाली दिल्या असत्या आणि घरी आणलं असतं. आता कुठल्या तोंडाने तुझ्या आईसमोर जाऊ?"

मी त्याच्या हातातला सूट घेतला, धुतला आणि न्हाणीघरात टांगला.

"आत कशाला?" तो म्हणाला. "गच्चीवर घाल की, नेहमीसारखा. एवढं ऊन पडलंय."