धोंडिराम हसतमुख नव्हता

जयवंत परबची एक कथा एकोणऐंशी साली एका दिवाळी अंकात छापून आली होती. तेवढ्या बळावर घाटकोपरच्या टेकडीवरची अख्खी वस्ती त्याला लेखक म्हणायची. नोकरी अंधेरीच्या एका कंपनीत, कारकुनाची. पण बारशाच्या कविता, सत्काराची मानपत्रं, नळाला पाणी नाही म्हणून करायचे अर्ज, सगळं त्याच्याकडे यायचं. दुसऱ्याचा मजकूर हातात पडला की त्याचं लाल पेन आपोआप खिशातून बाहेर यायचं. लोक कौतुकाने बघत राहायचे, आणि त्याची त्याला सवय झाली होती.

पंचाऐंशी साली वस्तीतल्या गणेश मंडळाला पंचवीस वर्षं झाली. अध्यक्ष शिवदास राणेने स्मरणिका काढायचं ठरवलं. संपादक अर्थातच जयवंत. रहिवाशांकडून लेख मागवले, तेव्हा खालच्या गल्लीतल्या जानकीबाई सावंतांनी वहीची दोन पानं आणून दिली. त्यांचे यजमान धोंडिराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही आणि आदल्या वर्षी ते वारले. पानं देताना बाईंनी सांगितलं होतं, शुद्धलेखन तेवढं बघ, बाकी आहे तसं राहू दे.

जयवंतने काहीच आहे तसं राहू दिलं नाही.

प्रकाशनाच्या संध्याकाळी मंडप भरला होता. तोच लेख जयवंतने माईकवर वाचायला घेतला. गिरणीचा भोंगा मुका झाला, पण हसतमुख धोंडिरामच्या ओठांवरचं हसू अखेरच्या श्वासापर्यंत मावळलं नाही, असं एक वाक्य त्यात होतं. त्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत तिसऱ्या रांगेतून जानकीबाई उठल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "माझो घोव हसतमुख नव्हतो."

बाईंना माईकची गरज नव्हती.

"दोन वर्सां त्या माणसाच्या तोंडार हसू दिसूक नाय. आणि तू माझ्या नावान सांगतंस, हसत होतो? मी लिवलेला खंय गेला?"

जयवंतने समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली, की मूळ लेख जरा कच्चा होता, त्यावर थोडे संस्कार करावे लागले, संपादकाचं ते कामच असतं. 'संस्कार' हा शब्द त्याने दोनदा वापरला. बाई पुढे आल्या, टेबलावरची एक स्मरणिका उचलली, आपलं नाव छापलं होतं तिथे बोट ठेवलं.

"ह्यो लेख तुझो. माझां नाव काढ त्यातून."

आणि त्या मंडपातून निघून गेल्या. शिवदासने घाईघाईने आरती सुरू करायला लावली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जयवंत सकाळपासून धुमसत होता. चौथी शिकलेली बाई चारशे माणसांत आपल्याला बोलते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो एकटाच बोलत राहिला, की आपण हात लावला नसता तर ती दोन पानं कुणी वाचली असती, लोकांना लिहिणं म्हणजे काय ते कळत नाही, उपकाराची जाण नाही. त्याची बायको शुभा गवार निवडत ऐकून घेत होती. तिचं निवडणं थांबेना म्हणून तो आणखी चिडला. फाइलमधून त्याने जानकीबाईंची मूळ पानं काढली. बघ, म्हणाला, आता तूच बघ काय लिहिलं होतं ते. आणि शाळेतल्या पोराची नक्कल करावी तशा सुरात वाचू लागला.

पहिल्या चार ओळी त्याने मजेत वाचल्या. शुभा हसली नाही. मग तो लाल फुली मारलेल्या भागाशी आला.

"संपाच्या दुसऱ्या वर्षी ते स्टेशनच्या बाजूला कंगवे विकायचे. कोणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधायचे. मला सांगायचे, दादरला काम बघायला जातो. एकदा मी बाजारातून येताना पाहिलं. मी पुढे गेले आणि एक कंगवा घेतला. त्यांनी पैसे घेतले. वर पाहिलं नाही. घरी आल्यावर आम्ही जेवलो. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही."

नकलेचा सूर कुठे गळून पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. समासात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : अप्रस्तुत.

शुभाचे हात थांबले होते. "हे तुम्ही खोडलंत?" तिने विचारलं.

जयवंत तिच्यावरच ओरडला. तुला काय कळतं त्यातलं, म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला. उतारावरून चालताना 'वर पाहिलं नाही' हे तीन शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. आपण असतो तर त्या नजरेवर निदान अर्धं पान खर्च केलं असतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. डोळ्यांत दाटलेलं आभाळ आणलं असतं. आपल्या छापून आलेल्या कथेतही एक गिरणी कामगार होता. तो हातात झेंडा घेऊन मरतो. असा माणूस आपण कुठे पाहिला होता? कुठेच नाही. खालच्याच गल्लीत खराखुरा धोंडिराम राहत होता, तेव्हा आपण त्याच्याशी कधी धड दोन शब्द बोललो नव्हतो. जयवंतचा राग तसाच होता. फक्त त्या रागाचं तोंड आता आतल्या बाजूला वळलं होतं.

"हे मला जमलं नसतं," तो रस्त्यात मोठ्याने म्हणाला. दोन माणसांनी वळून पाहिलं.

सोमवारी रजा टाकून तो छापखान्यात गेला. मूळ लेख पानाच्या मापात छापून हवा, स्मरणिकेतल्या जुन्या लेखावर चिकटवायचा आहे, असं त्याने सांगितलं. कंपोझिटरने मजकूर वाचला आणि म्हणाला की शेवट जरा अर्धवट वाटतो, तुम्ही लेखक माणूस, एखादं वाक्य टाका. जयवंतचं पेन खिशातून निघालंसुद्धा. कागदावर टेकणार, तेवढ्यात त्याने ते मागे घेतलं.

"एक शब्द हलवलास तर बघ," तो कंपोझिटरवर डाफरला. त्या बिचाऱ्याने काहीही हलवलं नव्हतं.

खळीचा डबा आणि कागदांचा गठ्ठा घेऊन जयवंत घरोघर फिरू लागला. पहिलं घर शिवदासचं. त्याने नवा कागद वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"तुझंच बरं होतं रे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं यार. कंगवे विकले, हे कशाला जगाला सांगायचं?"

फुली मारताना जयवंतच्या मनात अगदी हेच आलं होतं. आठ दिवसांपूर्वी हे ऐकून तो खूश झाला असता.

"मला हे लिहिता येत नाही, शिवदास," तो दात आवळून म्हणाला. "आण ती स्मरणिका इकडे."

जानकीबाईंचं दार त्याने संध्याकाळी वाजवलं. त्यांनी आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातच उभ्या राहून नवा कागद ओळीखाली बोट सरकवत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. जयवंत डबा धरून उभा होता. काकू, माझं चुकलं, असं तो म्हणाला. ते त्यांनी ऐकलं की नाही, हे चेहऱ्यावरून कळेना.

"बरोबर आसा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण राग गेलो नाय माझो."

"जाऊ नका देऊ," जयवंत म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. किती घरं राहिली, विचारलं. त्याने सांगितलं, साठेक असतील.

"मगे हय उभो कित्याक रवलंस?"

त्यांनी दार लावून घेतलं. जयवंत पुढच्या घराकडे वळला.